साहसी प्रवासाच्या माहितीपटांतून परकी संस्कृती कितपत समजते?

प्रश्न: दुर्गम प्रदेशांतील प्रवासाचे माहितीपट मी आवडीने पाहतो, परंतु त्यांत दिसणारे लोकजीवन खरोखर तसेच असते की कॅमेऱ्यासाठी मांडलेले, हे प्रेक्षकाने कसे ओळखावे?

प्रतिसाद १: हा प्रश्न माहितीपटाइतकाच जुना आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात राहणारे इन्युइट शिकारी भाल्याने वॉलरस हा मोठ्या सुळ्यांचा समुद्री प्राणी मारतात, मात्र त्या काळी ते बंदुकाही वापरत होते, बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून चित्रीकरणासाठी एका बाजूने उघडे घर बांधले गेले, आणि नानूक म्हणून दाखवलेल्या नायकाचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक होते. तरीही त्या माणसांचे कौशल्य अस्सल आहे, म्हणून मी तो चित्रपट टाकाऊ मानत नाही. स्थानिक लोक स्वतः किती बोलतात, हे आधी पाहावे. सारे काही निवेदकच सांगत असेल, तर सावध व्हावे.

प्रतिसाद २: साहस खरे असले, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा तपासावा लागतो. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशिया बेटांवरचे लोक दक्षिण अमेरिकेतून आले असावेत, या आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ १९४७ मध्ये नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल आणि पाच सहकारी हलक्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांत पोहोचले, आणि त्यावरील माहितीपटाला ऑस्करही मिळाले. असा प्रवास शक्य आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. पॉलिनेशियन लोकांचे मूळ मात्र भाषा, पुरातत्त्व आणि जनुकीय पुरावे यांवरून प्रामुख्याने आशियाकडे जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. इन्युइट लोकांनी स्वतः केलेले चित्रण उपलब्ध आहे का?

प्रतिसाद १: होय. इन्युइट दिग्दर्शक झकारियास कुनुक यांचे काम अवश्य पाहावे. त्यात लोक आपल्याच भाषेत बोलतात.