शिकारी पक्ष्यांचे फोटो : आपलाच फोटो तुम्ही कसा पारखता?

मंडळी, नोव्हेंबर लागला की माळांवर रॅप्टर म्हणजे शिकारी पक्षी यायला लागतात आणि मार्चपर्यंत आपल्या सगळ्यांच्या हार्ड डिस्क भरतात. लेन्स कुठली, सेटिंग काय यावर आपण तासन्‌तास बोलतो, पण काढलेल्यातला कुठला फोटो ठेवायचा नि कुठला उडवायचा हे ठरवताना नक्की काय बघता, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. नवीन-जुने सगळ्यांनी वर आपलं गाव टाकून लिहा, मोबाईलवर काढणाऱ्यांनी पण.

सुरुवात मी करतो. मी सासवडकडच्या माळांवर जातो, कापशी घार आणि खरुची (छोटा ससाणा) माझे खास आवडते. दोघंही हवेत एका जागी फडफडत थांबतात आणि थांबताना तोंड कायम वाऱ्याकडे ठेवतात, त्यामुळे वारा आणि ऊन एकाच बाजूनं येईल अशी वेळ नि जागा पकडली की पक्षी आपोआप उजेडाकडे तोंड करून मिळतो. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे वारा बऱ्याचदा पूर्वेचाच असतो, म्हणजे अर्धं काम तिथंच झालं. दहा-साडेदहानंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते, मग लेन्स कितीही भारी असू दे, पिसांचं डिटेल जातंच.

आता पारखायचं. मी घरी आल्या आल्या काहीही डिलीट करत नाही नि काही निवडतही नाही. ऊन किती लागलं, गाडीत किती वेळ चिडीचूप बसलो, हे सगळं डोक्यात ताजं असतं आणि ते फोटोला उगाच जास्तीचे मार्क देतं. महिना-दीड महिन्यानं फोल्डर उघडलं की मेहनत विसरलेली असते, फक्त फोटो समोर असतो. मग मी कापशीची नजर बघतो. लालभडक डोळा थेट कॅमेऱ्यात बघतोय असा फोटो लोकांना जाम आवडतो, पण मला ती खाली गवतात बघत असलेला, पाय सुटायच्या बेतात असलेला फोटो कधीही जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथं ती तिच्या कामात आहे आणि मी तिच्या खिजगणतीतही नाही.

भिगवण

मी दर हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला ऑस्प्रेसाठी जाते (मासे पकडणारा शिकारी पक्षी, कैकर म्हणतात मराठीत, पण नाववालेसुद्धा ऑस्प्रेच म्हणतात आता). एकदा मासा घेऊन जाणारा अगदी जवळून मिळाला, पंख पूर्ण उघडलेले, डोळा टाचणीसारखा शार्प, मी खूश होऊन नावेवरच्या काकांना स्क्रीन दाखवली तर ते म्हणाले, "ताई, चिलापी हाय का दुसरं काय, ते कुठं दिसतंय?" खरंच, मासा पंखाच्या सावलीत काळा ठिक्कर पडला होता. काकांचा जन्म त्या पाण्यावर मासेमारीत गेला, त्यांनी पहिल्यांदा मासाच बघितला, आणि मला ते इतकं पटलं की तेव्हापासून ऑस्प्रेच्या फोटोत मी आधी पाय बघते. मासा पकडल्यावर तो त्याचं डोकं पुढे करून घेतो, एक पाय पुढे एक मागे, म्हणजे हवा कमी अडते. बाहेरचं बोट मागे वळू शकतं त्याचं, त्यामुळे निसटता मासासुद्धा घट्ट धरता येतो. हे सगळं एका फ्रेममध्ये वाचता आलं तर तो फोटो ठेवायचा.

अजून एक. पाण्यातून वर उठल्यावर थोडं अंतर गेलं की तो उडता उडताच अंग झटकतो, डोकं एकीकडे, पंख भलतीकडे, सगळीकडे थेंब. देखणा नसतो तो क्षण, बऱ्याच जणांकडून पहिल्याच फेरीत डिलीट होतो. माझ्याकडे त्याचं आख्खं वेगळं फोल्डर आहे.

चेंबूर, मुंबई

मला घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाहेर जाता येत नाही, त्यामुळे मी फक्त गच्चीवरून घारी काढते. देवनारचं डम्पिंग जवळ असल्यामुळे घारींना तोटा नाही. "घारच आहे की" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की रोज दिसणाऱ्या पक्ष्यावर परीक्षा जास्त कडक होते, कारण दुर्मीळ पक्षी दिसला याचेच अर्धे मार्क मिळतात, घारीला ते कुणी देत नाही. शेपटीची खाच, डोळ्यामागचा गडद पट्टा, पिसं झडून पंखात पडलेल्या खिडक्या, एकाच घारीचा पंख काही महिन्यांत कसा भरत गेला हे मी बघितलंय. संक्रांतीच्या आसपास मांजानं कापलेले पंख पण दिसतात. असे फोटो मी कुणाला सुंदर म्हणून दाखवत नाही, पण ठेवते, आणि पक्षी खाली पडलेला दिसला तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी रेस्क्यूवाल्यांना फोन.

माझी कसोटी साधी आहे, फोटो स्टॅम्पएवढा लहान करून बघायचा. तेवढ्यातही घार काय करतेय हे कळलं तर फोटोत दम आहे.

रेडिंग, इंग्लंड

आमच्याकडे रेड काईट (तांबूस घारी) घरांवर फिरतात. इंग्लंडमधून हा पक्षी पार संपला होता, वेल्समध्ये थोड्या जोड्या उरल्या होत्या, मग १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडली, त्यांचीच ही पुढची पिढी. वेल्समधल्या गिग्रिन फार्मला दुपारी ठरलेल्या वेळी मांस टाकतात आणि शेकडो काईट उतरतात, तिथं हाईडमधून (लपून फोटो काढायच्या खोलीतून) मी भरपूर शिकलो, बर्स्ट म्हणजे सलग फोटो कधी सोडायचे, वळताना पंखाच्या टोकांसाठी फ्रेममध्ये जागा कशी ठेवायची, वगैरे. सरावाला त्याच्यासारखी जागा नाही. पण शेजारी बसलेल्याचा फोटो आणि माझा फोटो अदलाबदल केला तर मला ओळखता येणार नाही. माझ्या गल्लीतल्या धुराड्यांवर धुकं असताना खालून गेलेली काईट, ग्रेन भरपूर, पण ती माझी आहे. भिंतीवर तीच लावलीये.

नाशिक

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण थोडा वेगळा सूर लावतो. नजर, वागणं सगळं मान्य, तरी डोळा फोकसमध्ये नसेल तर मी फोटो ठेवत नाही, मग क्षण कितीही भारी असो. नांदूर मधमेश्वरला मार्श हॅरियर (दलदलीवर फिरणारा शिकारी पक्षी) पाणगवतावर खाली खाली येतो, मागची पाणकणसं फोकस पकडून बसतात आणि पक्षी जातो हातचा. त्यावर उपाय शटर १/२५०० सेकंदापेक्षा हळू होऊ न देणं आणि पक्षी लांब असतानाच फोकस धरून बरोबर फिरत राहणं. "मूमेंट होती" म्हणून हललेले फोटो सांभाळत बसलो तर हात सुधारत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापूर

नाशिकच्या दादांशी निम्मा सहमत. माझ्याकडे एका तरुण हॅरियरचा फोटो आहे, लांबचा, मऊ, क्रॉप करून करून पिक्सेल दिसायला लागलेला. पण त्यात मानेभोवती फिकट कॉलर आणि त्याच्या मागे गडद पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे पॅलिड हॅरियर. माँटेग्यू हॅरियरच्या पिल्लाला असा कॉलर नसतो. पंखाच्या टोकाची बोटंही (सुटी दिसणारी लांब पिसं) मोजता येतात, चार. हेन हॅरियर असता तर पाच दिसली असती. हा फोटो स्पर्धेत कुणी बघणार नाही, पण आमच्या माळावर त्या दिवशी कोण होतं याचा तो पुरावा आहे आणि ते माळ सोलर नि प्लॉटिंगखाली झपाट्यानं जातायत. तारीख, जागा लिहून ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकला. म्हणून मी डिलीट करायच्या आधी ओळख पटवतो, नंतर शार्पनेस बघतो.

दापोली

आमच्याकडे समुद्र गरुड. दिवाळीनंतर घरटी चालू असतात, उंच सुरूवर नाहीतर आंब्यावर, खाली समुद्री सापांचे सांगाडे पडलेले सापडतात. घरट्याचा फोटो मी काढत नाही आणि कुणी पाठवला तर त्याला चांगला पण म्हणत नाही. मादी उठून ओरडत घिरट्या घालतेय, खाली पिल्लं उन्हात, कावळे टपलेले, असा फोटो कितीही थरारक दिसला तरी तो थरार काढणाऱ्यानं घडवलेला असतो. माझ्या स्वतःच्या फोटोतही गरुडाची मान माझ्याकडे ताणलेली दिसली, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली दिसली, तर तो बाद.

सासवड

दापोलीच्या ताई, अगदी मनातलं. चेंबूरच्या ताईंना एक विचारायचं होतं, आभाळासमोर घार काळी पडते त्याला तुम्ही एक्स्पोजर किती वाढवता?

चेंबूर, मुंबई

पांढरं ढगाळ आभाळ असेल तर +१ ते +१.७, निळं असेल तर +०.३ किंवा काहीच नाही. आभाळ जळालं तरी मी फिकीर करत नाही, पंखाखालची पिसं दिसली पाहिजेत. आणि सकाळी ऊन तिरकं असताना काढा, खालून उजेड मिळतो, दुपारी काही केलं तरी पोट काळंच येतं.