एफबीए १७ चं मॉडेल पाणी सोडतच नाही, मोटर बदलू का?

बाल्सावाला_सोलापूर: नमस्कार मंडळी, दीड महिना बसून बाल्साच्या हलक्या लाकडाचं एफबीए १७ बनवलंय, १९२३ ची फ्रेंच फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावरून उडणारं विमान, नौदलाचे नवे पायलट हिच्यावर शिकायचे. काल हिप्परगा तलावावर नेलं तर थ्रॉटल दिला की नाक खाली जातंय, पाणी दोन्हीकडं उडतंय, पळतंय लई जोरात पण उठतच नाही ओ. मोटर कमी पडायलीय का? मोठी टाकू?

जुना_मेकॅनिक: थांबा, मोटर बदलू नका. या बोटीत इंजिन दोन पंखांच्या मधे उंचावर आणि पंखा मागं तोंड करून, म्हणजे पाण्याचे फवारे त्याच्यावर कमी येतात. पण जोर वरून लागतो, त्यामुळं एकदम थ्रॉटल दिला की नाक दबणारच. हळूहळू द्या, सुरुवातीला एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी फळी) वर धरा, वेग आला की सैल सोडा. आणि पोटाखालच्या पायरीचा, म्हणजे तळाला मधेच जो आडवा टप्पा असतो त्याचा, फोटो टाका, मला तिथंच शंका येतीय.

बाल्सावाला_सोलापूर: टाकलाय दादा. पायरीची कड ओबडधोबड दिसत होती म्हणून पॉलिश पेपर मारून छान गोल केली.

जुना_मेकॅनिक: तिथंच घोळ झालाय! ती कड धारदारच पाहिजे. पाणी सुटेल त्या दिवशी नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघा, चमचा धारेत ओढला जातो, कारण गोल पृष्ठभागाला पाणी चिकटून वळतं. तुमची बोट तशीच धरून ठेवलीय पाण्यानं. कड तीक्ष्ण असली की पाणी तिथंच तुटतं, मागं हवा शिरते, बोट मोकळी होते. प्लायची पातळ पट्टी चिकटवा, कोपरा अजिबात घासू नका.

तळ्याकाठी: मॉडेल सुंदर झालंय, शेजारी-शेजारी दोन सीटा पण बरोबर केल्यात, शिकवणारा शिकणाऱ्याच्या बाजूलाच बसायचा. ही बोट अमेरिकेच्या कोस्ट गार्डलापण आवडली होती, तिकडच्या व्हायकिंग कंपनीनं बनवलेल्या पाच त्यांनी १९३६ मधे घेतल्या. आणि फ्रान्समधे हे वेड जुनंच, आंरी फाब्र २८ मार्च १९१० ला मार्सेजवळच्या बेर सरोवरातून स्वतःच्या इंजिनावर उडाला, पाण्यावरून असं उठणारा तो पहिलाच.

बाल्सावाला_सोलापूर: दादा, पट्टी लावून आज सकाळीच परत गेलो, वारं पडलेलं होतं. थ्रॉटल हळू दिला, आधी नाक वर आलं, मग पायरीच्या मागं पाणी सुटलेलं डोळ्यांनी दिसलं आणि पुढच्याच क्षणी बोट वर! मोटर तीच आहे, जुनीच.