ब्रेड-लीडर जोडाची एफजी गाठ सरकते, कुठे चुकतंय?

खाडीकाठ: मासेमारीची २० पौंडी ब्रेड (विणलेली मुख्य दोरी), तिच्यापुढे ४० पौंडी तंगूसाचा (एकसंध नायलॉन दोरीचा) लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, जिताडा माशासाठी. एफजी गाठ (ब्रेड लीडरभोवती गुंडाळून आवळायची बारीक गाठ) जोरात फेकल्यावर सरकते आणि लीडर मोकळा निघतो. वेढे १२ घेतो. डबल युनी (दोन गाठी एकमेकींना भिडवून केलेला जाड जोड) धरते, पण रॉडच्या कड्यांत खटखट अडकते. काय करू?

गरीवाला: वेढे कमी पडताहेत. किमान २० घ्या, एक वरून, एक खालून, आलटून पालटून. ब्रेड पूर्ण वेळ ताणलेली हवी. ती सैल पडली की वेढे एकमेकांवर चढतात आणि पकडच बसत नाही. मग दोन्ही दोऱ्यांवर मिळून एक अर्धी गाठ मारा, थुंकीने ओलं करा आणि हाताला कापड गुंडाळून करकचून ओढा. बहुतेकांची गाठ इथेच कच्ची राहते. नीट आवळली की वेढ्यांचा रंग गडद होतो आणि ब्रेड तंगूसात रुतलेली दिसते. रंग बदलला नाही तर सोडून पुन्हा बांधा. त्यानंतरच लीडरचं टोक कापायचं आणि नुसत्या ब्रेडवर ५-६ अर्ध्या गाठी, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

रापण: लीडरचं कापलेलं टोक लायटरने जाळत असाल तर जपून. ब्रेड पॉलिथिलिनची, आच जवळ आली तरी वितळते.

आणि होडी हलत असेल तर हट्ट नको, डबल युनीच बांधा: ब्रेडचे ८ वेढे, तंगूसाचे ४. लीडर आखूड ठेवा, म्हणजे फेकताना गाठ कड्यांबाहेरच राहील.

खाडीकाठ: म्हणजे आवळण्याआधीच टोक कापत होतो. आभारी आहे!