रिलीव्हरला विजय का मिळाला नाही? बॉक्स स्कोअर समजावून सांगा

डगआउट:
बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या नियमित हंगामातल्या एका सामन्याचा बॉक्स स्कोअर (आकडेवारीचा तक्ता) बघतोय. यजमान ६, पाहुणे ४. सहाव्या इनिंगमध्ये दोन बाद, बेसवर दोघे, ३-१ आघाडी, अशा वेळी यजमानांचा स्टार्टर (सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या रिलीव्हरला पहिल्याच बॅटरने होम रन ठोकला, पुढचा बाद झाला. लगेच यजमानांनी तीन धावा काढून ६-४ केलं आणि तेच टिकलं. होम रनवर तीन धावा गेल्या, तरी रिलीव्हरपुढे एकच धाव दिसते. बरं, आघाडी परत आली तेव्हा पिचर तोच होता, मग विजय (तो एका पिचरच्या नावावर नोंदवतात) सातव्या इनिंगवाल्याला कसा? आणि पहिल्या क्रमांकाचा बॅटर पाचदा खेळायला आला, तर एटी-बॅट (बॅटिंग सरासरीत धरल्या जाणाऱ्या पाळ्या) २ च?

सहा_चार_तीन:
बेसवरचे दोघे स्टार्टरने सोडलेले, म्हणून त्या दोन धावा त्याच्या खात्यात. आधीची एक धरून त्याच्या ३. रिलीव्हरची फक्त बॅटरची १. खालच्या टिपांमध्ये त्याच्यापुढे २-२ असेल: वारशात दोन रनर मिळाले, दोन्ही घरी पोचले.

स्टार्टरच्या ५.२ इनिंगला दशांश समजू नका. षटकांसारखंच आहे, फक्त इथे टिंबानंतर चेंडूंऐवजी बाद मोजतात. म्हणजे १७ बाद, ५ पूर्णांक दोन तृतीयांश. तिन्ही धावा अर्न्ड (फील्डिंगच्या चुकीमुळे न गेलेल्या) असतील तर ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी अर्न्ड धावा) ३ × ९ भागिले ५.६७, म्हणजे ४.७६. कॅल्क्युलेटरवर सरळ ५.२ टाकलं की ५.१९ येतं, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

बुलपेन:
विजयाचं असं आहे. स्टार्टरच्या पाच इनिंग झाल्या होत्या, पण आघाडी गेली आणि त्याचा हक्क संपला. एरवी रिलीव्हरलाच विजय मिळाला असता. पण एक इनिंगही पूर्ण न करता ज्याच्यासमोर दोन किंवा जास्त अर्न्ड धावा गेल्या (त्या आधीच्या पिचरच्या खात्यात जमा झाल्या तरी), त्याची कामगिरी अल्प आणि निष्प्रभ धरावी, असं स्कोअररला (अधिकृत नोंद ठेवणाऱ्याला) मार्गदर्शन आहे. मग नंतरच्या रिलीव्हरपैकी सर्वांत प्रभावी त्याला वाटेल त्याला विजय. सक्ती नाही, निर्णय स्कोअररचा. माझ्या मते इथे त्याने बरोबर केलं.

एटी-बॅटमध्ये वॉक (चार बॉलवर फुकट मिळालेला पहिला बेस) आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा उंच फटका) मोजत नाहीत. दोन वॉक, एक फ्लाय, उरले २.

डगआउट:
हो, दोन वॉक आणि एक फ्लायच आहे. दोनात एक हिट, म्हणजे ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) पण .५००?

बुलपेन:
नाही, .६००. तिथे वॉक वर-खाली दोन्हीकडे येतात आणि फ्लाय फक्त छेदात: ३ भागिले ५. फ्लायऐवजी सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन रनर पुढे सरकवणारा हलका फटका) असता तर तो छेदातही नसता, .७५० झाले असते.

सहा_चार_तीन:
पूर्ण तक्ता तपासायचा तर संघाच्या एकूण बॅटर-पाळ्या = धावा + बेसवर अडकलेले + झालेले बाद. यजमान पुढे असल्याने नववीत खेळलेच नाहीत, म्हणून त्यांचे बाद २४. अडकलेले ७ असतील तर ६ + ७ + २४ = ३७ यायला हवेत.

अर्न्ड धावांची बेरीज मात्र कधीकधी मुद्दामच जुळत नाही. समजा, दोन बाद झाल्यावर शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) चुकीने दुसरा रनर बेसवर आला असता. चूक नसती तर इनिंग तिथेच संपली असती, मग स्टार्टरच्या त्या दोन धावा अनअर्न्ड. पण आधी हुकलेल्या बादचा फायदा नव्या पिचरला मिळत नाही, त्याची १ अर्न्डच. संघाच्या हिशेबात मात्र ती अनअर्न्ड, त्यामुळे पिचरांची बेरीज संघापेक्षा एकाने जास्त.