मदत हवी आहे: दुखणं बोलून न दाखवणाऱ्या पेशंटला नेमकं काय विचारायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या एक वयस्कर पेशंट वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या संस्कृतीतल्या आहेत. कंबरदुखी 2 वर्षांची. 0 ते 10 मध्ये किती दुखतं विचारलं की उत्तर ठरलेलं: 2. पण खुर्चीतून उठताना दोन्ही तळहात मांड्यांवर रोवतात, श्वास धरतात आणि उभं राहिल्यावर मगच सोडतात. हे 2 नाही! मुलगा म्हणतो, त्यांच्यात दुखणं बोलणं कमीपणाचं समजतात.

चेहऱ्यांची पट्टी (हसऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत, दुखणं दाखवायला) दाखवली, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मुलाला बाहेर बसवून दुभाषी बोलावला, तरी तेच. मॅकगिल प्रश्नावलीतले (दुखणं कसं आहे ते शब्द निवडून सांगायचं असते ती) शब्दही वापरून पाहिले. पण ठणका, कळ, चमक, ठसठस हे भेद एका भाषेतून दुसरीत जाताना पुसट होतात.

संस्कृती आणि दुखणं यावर संशोधन करणाऱ्या झबोरोव्स्कींचा 1952 चा अभ्यास माहीत आहे: अमेरिकेतल्या ज्यू, इटालियन आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेल्या अमेरिकन रुग्णांची दुखण्याला दिलेली प्रतिक्रिया वेगवेगळी होती. पण 'हे लोक असेच' असा शिक्का मला मारायचा नाही. समोर एकच बाई आहे, तिचं दुखणं मला समजून घ्यायचंय.

तपासण्या झाल्यात, ऑपरेशन नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, औषधं चालू आहेत. त्यामुळे कृपया औषधं किंवा व्यायाम सुचवू नका. एका भेटीत 30 मिनिटं मिळतात.

अशा पेशंटसोबत काम केलेल्यांनी सांगा: आकडा न विचारता दुखणं कळावं म्हणून तुम्ही कोणते प्रश्न, नेमक्या कोणत्या शब्दांत विचारता?