मदत हवी आहे: गेमिंग कन्सोल तापून आपोआप बंद पडतोय (ठाणे)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहतो. मुलाचा चार वर्षं जुना कन्सोल हल्ली अर्ध्या तासातच तापतो. आधी पंखा मिक्सरसारखा घोंगावतो, मग स्क्रीनवर 'फार तापलंय' असा इशारा येतो आणि सगळं काळं. चिप जळू नये म्हणून सेन्सरच्या इशाऱ्यावर तो स्वतःच बंद होतो, एवढं कळलं. पण मुळात तापतोय कशाने?

टीव्हीखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढला, जाळ्यांवरची धूळ ब्रशने झाडली (मेट्रोच्या कामाची कृपा, धूळ आमच्याकडे फुकट मिळते). आता पाऊण तास चालतो, बस. पुस्तिकेत खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश म्हटलंय, पण रात्री एसीतही बंद पडतो, म्हणजे उन्हाला दोष देता येत नाही.

माझा संशय थर्मल पेस्टवर (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) आहे. ती वाळली की चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे, नीट जातच नाही. एका दुकानदाराने न उघडताच 'बोर्ड गेला' असं सांगितलं!

पेस्ट कुणी घरी बदलली आहे का? किंवा नौपाड्यात, स्टेशनजवळ समोर उघडून दाखवणारा कुणी कारागीर? वॉरंटी संपली आहे. परीक्षा होईपर्यंत मला तशी घाई नाही, फक्त हे मुलाला कळू देऊ नका.