मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्सवर कंटेनर रिस्टोर झाला, पण स्कॅन उघडत नाहीत

मंडळी, जरा घाईत आहे, सांभाळून घ्या.

गावच्या वाचनालयाची सूची आणि जुन्या अंकांचे स्कॅन मी एका डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर वेगवेगळे सर्व्हर चालवणारी प्रणाली) टाकून चालवतो. कंटेनर (मशीनच्या आतला वेगळा लिनक्स सर्व्हर) एकच, क्रमांक १०५, डेबियन लिनक्स, अनप्रिव्हिलेज्ड (म्हणजे आतल्या रूटला, सर्वाधिकारी खात्याला, बाहेर तसे अधिकार नाहीत). आत अपाची (वेब सर्व्हर) आणि मारियाडीबी (डेटाबेस). सूची कंटेनरच्या मुख्य डिस्कवर, म्हणजे एसएसडीवर. स्कॅन होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, २ टीबी हार्ड डिस्कवर. तो फोल्डर बाइंड माउंटने (होस्टचा फोल्डर कंटेनरमध्ये तसाच दाखवण्याची सोय) आत दिलेला. रोज रात्री व्हीझेडडम्प (प्रॉक्समॉक्सची बॅकअपची आज्ञा) चालायचं, डम्प, म्हणजे बॅकअपची फाइल, दुसऱ्या मशीनवर जायचा, सकाळी 'यशस्वी' अशी मेल यायची. लॉग मी जन्मात कधी उघडला नाही.

गेल्या आठवड्यात एसएसडीने मान टाकली. नव्या मशीनवर 'पीसीटी रिस्टोर' (डम्पमधून कंटेनर परत उभा करणारी आज्ञा) चालवलं, पाच मिनिटांत काम फत्ते. तिथेच पाल चुकचुकली. डम्प अवघा दीड जीबीचा, स्कॅन तर साडेतीनशे जीबीच्या वर! लॉग पाहिला तर एमपी० (सेटिंगमधलं त्याच बाइंड माउंटचं नाव) 'व्हॉल्यूम (प्रॉक्समॉक्सने सांभाळलेली डिस्क) नाही, म्हणून वगळले' असं रोज इमानेइतबारे लिहिलेलं.

हार्ड डिस्क शाबूत आहे, हे नशीब. ती लॅपटॉपला लावून फाइल मॅनेजरने सगळं नव्या होस्टवर कॉपी केलं. (फोल्डर तयार होईपर्यंत कंटेनर सुरूच होत नव्हता.) आता सूचीत नावं दिसतात, स्कॅन उघडत नाही. आत 'एलएस' (फाइलींची यादी) केलं तर मालक 'नोबडी', परवानगी ६४० (मालक आणि त्याचा गट सोडून कुणी वाचू शकत नाही). आत रूट होऊन 'चाऊन' (फाइलचा मालक बदलणे) करायला गेलो तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

एक मित्र म्हणतो, कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून टाक. करू का?

खटपट्या: अजिबात नको. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार होईल. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरचे यूआयडी (वापरकर्त्यांचे क्रमांक) होस्टवर १००००० पासून मोजले जातात. डेबियनमध्ये अपाचीचा वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणजे ३३, होस्टवर तो १०००३३. फाइल मॅनेजरने कॉपी करताना मालक बदलला, नवा मालक त्या टप्प्यात बसत नाही, म्हणून 'नोबडी'. कंटेनरच्या आत नाही, होस्टवर रूट होऊन 'चाऊन -आर १०००३३:१०००३३' त्या फोल्डरवर चालवा.

धागाकर्ता: उघडले! हजारभर अंकांचं ओझं उतरलं. मग स्कॅनचा बॅकअप कसा घ्यायचा? एमपी०ला 'बॅकअप=१' लावलं तर चालेल?

खटपट्या: नाही. ते स्टोरेजवरच्या व्हॉल्यूमला लागू पडतं, बाइंड माउंट व्हीझेडडम्प कधीच घेत नाही. होस्टवरून रूट म्हणून 'आरसिंक -ए' (मालक, परवानग्या जपून कॉपी करणारी आज्ञा) वेगळ्या डिस्कवर लावा.

नवशिका_पण_हौशी: आणि रिस्टोरची रंगीत तालीम १०५ वर करू नका, जुना कंटेनर पुसला जातो. ९०५ वगैरे नवा क्रमांक द्या, 'युनिक' पर्याय लावा म्हणजे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डची ओळख) बदलेल. सुरू करण्याआधी त्यातला एमपी० काढा. रिस्टोरमध्ये बाइंड माउंटची ओळ तशीच येते, तालमीतला कंटेनर खऱ्या स्कॅनवरच लिहायला लागेल. मी एकदा अशीच अर्धी फोटोंची फोल्डरं उडवली आहेत.